वाऱ्याच्या आड कोण आलं?

"ए डुलकी, ऊठ ना! सुट्टी संपत आली आणि तू नुसती लोळतेस!"

मिरचीनं पाय ओढला, तरी डुलकी टेबलाखालून हलली नाही. उकाडा असा की माशीलाही उडायचा कंटाळा! हवामान वेधशाळेच्या खोलीत पंखा कुरकुरत होता आणि खुर्चीत डुलकीची आत्या डोळे ताणून बसली होती. कामावरचा जोडीदार आजारी, म्हणून त्याचीही पाळी तिच्याच गळ्यात.

"आत्या, आमच्या बाबांची बोट दुपारी निघतेय," मिरची म्हणाली. "ते म्हणाले, वेधशाळेला विचारून ये."

आत्यानं भिंतीवरच्या तबकडीकडे पाहिलं. गच्चीवर वारा मोजायच्या यंत्राच्या वाट्या फिरल्या की इथं काटा हलायचा. कालपासून मात्र काटा शून्याला चिकटून बसला होता.

"काटा म्हणतो, वारा नाही."

"नाही कसा? आत्ता माझी टोपी उडाली!" वकील ओरडला. हा डुलकीचा भाऊ. वाद घातल्याशिवाय याला अन्न पचत नाही.

"मग मोठ्या कचेरीला कळवू का, की वकिलाची टोपी उडाली?" आत्या थकून हसली. "यंत्र दाखवेल तेच कळवायचं, राजा. मनाचं घालायचं नाही. दुरुस्तीवाला परवा येतोय."

"तोवर तूच गच्चीवर जाऊन बघ ना!"

"किल्ली साहेबांकडे. काल वेधशाळेच्या शंभरीचा फलक लावलाय ना वर, कुणी हात लावायचा नाही म्हणे."

"शंभर वर्षं!" मिरचीनं डोळे मोठे केले. "त्याच्या आधी लोक काय करायचे?"

"काय करणार? वादळ दारात आलं की कळायचं, वादळ आलं. मग कुणीतरी डोकं चालवलं. तिकडचा वारा इकडे पोचायच्या आत तिकडची खबर पोचवायची! आधी तारेनं, मग फोननं. एवढ्याचसाठी हे सगळं खातं. पण एका ठिकाणची खबर चुकली की..." आत्याला एवढी मोठी जांभई आली की पुढचं तिच्यातच गेलं.

तिघं धक्क्यावर गेले. मिरचीचे बाबा जाळी चढवत होते. आता आणखी फिरायचं त्राण डुलकीत नव्हतं. उलट्या टाकलेल्या एका होडीच्या सावलीत ती आडवी झाली.

शी! किती घाम! पानही हलत नाही इथं! वैतागून ती उठून बसली, तर केस भर्रकन तोंडावर आले. परत आडवी झाली. वारा गायब! परत उठली. भर्र!

"काय गं, उठाबशा कसल्या काढतेस?" वकील फिदीफिदी हसला.

डुलकी टक लावून वेधशाळेच्या गच्चीकडे बघत होती. समुद्राच्या बाजूला बांबूच्या सांगाड्यावर भिंतीएवढा फलक उभा होता. 'शंभर वर्षं तुमच्या सेवेत!' आणि त्याच्या आडोशाला वाऱ्याच्या वाट्या गपगार!

"यंत्र बिघडलेलं नाहीये!" ती किंचाळली. "ते माझ्यासारखं आडोशाला झोपलंय!"

तिघं धापा टाकत साहेबांच्या खोलीत घुसले. साहेब आरशासमोर उद्याचं भाषण घोकत होते.

"फलक काढू? उद्या मोठ्या कचेरीतून पाहुणे येतायत! वारा एक दिवस थांबेल!"

"वारा थांबेल, पण माझे बाबा थांबणार नाहीत!" मिरची ओरडली.

"पळा इथून!"

वकिलानं मिरचीचा हात दाबला आणि एकदम साळसूद झाला. "साहेब, पाहुणे बोटीनं येणारेत का?"

"बोटीनं कशाला? गाडीनं, रस्त्यानं!"

"मग रस्त्यावरून त्यांना फलकाची पाठच दिसणार की! नुसते बांबू आणि सुतळ्या."

साहेबांचा चेहरा पांढराफटक! "अरे देवा! शिपाई! किल्ली घे! फलक खाली आण, फाटकावर लाव! आत्ताच्या आत्ता!"

सांगाडा आडवा झाला मात्र, खोलीत काटा टुणकन उडाला! चढला, आणखी चढला. आत्याची झोपच उडाली. तिनं झडप घालून फोन उचलला.

"काय?" पलीकडून कुणीतरी ओरडलं. "अहो, तुमच्याकडे शांत म्हणून आम्ही समजलो, वादळ वळलं! धोक्याचा बावटा चढवा!"

मिरची धक्क्याकडे अशी सुटली की चप्पल मागे राहिली. बाबांनी दोर सोडलाच होता. वेधशाळेवर बावटा दिसला तसे ते पुटपुटत थांबले आणि दोर पुन्हा बांधला. संध्याकाळपर्यंत समुद्र असा खवळला की पुटपुटणं बंद! त्यांनी मिरचीला नुसतं जवळ ओढलं. बराच वेळ सोडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. फाटक उघडंबोडकं.

"फलक लावणार होता ना?" त्यांनी विचारलं.

साहेब घसा खाकरू लागले.

"वाऱ्यानं नेला," आत्या म्हणाली. "नोंद घेतलीय."

सगळी हकीकत ऐकून पाहुण्यांनी डुलकीची पाठ थोपटली. "शाब्बास! आम्ही इतके जागे, आणि सापडलं ते झोपणारीला! बोल, काय बक्षीस हवं?"

डुलकीनं आत्याच्या लालभडक डोळ्यांकडे पाहिलं.

"आत्याला झोपू द्या."

पाहुण्यांनी कोट काढला आणि स्वतः तबकडीसमोर बसले. आत्या टेबलाखाली कधी घोरायला लागली, कुणाला कळलंच नाही!