मनूचा होकार

दुपारच्या जेवणाची ताटं वॉर्डातून परत गेली, तशी स्वप्नालीने मनूचे केस विंचरायला घेतले. भांग पाडून झाल्यावर तिने बोटभर रुंदीची राखाडी पट्टी मुलीच्या डाव्या कानामागून कपाळापर्यंत नीट बसवली. पट्टीवरचा बारीक दिवा हिरवा झाला आणि उशाशी ठेवलेल्या स्पीकरमधून आवाज आला, "पाणी."

मनूचे ओठ हलले नव्हते. उन्हाळ्यापासून ते हललेच नव्हते. स्वप्नालीने ओल्या कापसाने ते भिजवले आणि खिडकीशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. सुयश माळीला हल्ली बसणं जमत नसे. तासगावच्या बेदाण्याच्या शीतगृहाचा हा व्यवस्थापक मिरजेच्या या रुग्णालयात उभ्यानेच चहा पीत होता, उभ्यानेच फोन घेत होता.

मनूचं पूर्ण नाव मृण्मयी. वय अकरा. वर्षभरापूर्वी कविता म्हणताना तिचे शब्द अडखळू लागले, मग उजवा हात ऐकेना, मग बोलणं गेलं. परीक्षेला घाबरून सोंग करते, असं शाळेत कुणी म्हणालं. एका डॉक्टरांनी मानसिक ताणाच्या गोळ्या दिल्या. चुलत्यांनी बाहेरचं काही आहे का ते बघायला सुचवलं. सुयशने कुणाचंच मानलं नाही. तिच्या हाताचे झटके त्याने फोनवर टिपले आणि ते दाखवल्याशिवाय तो एकाही डॉक्टरच्या दारातून हलला नाही. शेवटी डॉ. नाझिया मुजावर यांनी ते शांतपणे, दोनदा पाहिले आणि आजाराला नाव दिलं. मनूच्या शरीरातल्या रक्षक पेशीच तिच्या मेंदूवर उलटल्या होत्या.

उपचार होता, पण नवा होता. त्याला प्रतिकार-पुनर्रचना म्हणत. बिघडलेल्या रक्षक पेशी पुसून टाकायच्या आणि मुलीच्याच मूळ पेशींपासून नव्या वाढवायच्या. जीव वाचण्याची शक्यता चांगली होती. मात्र सुजलेल्या मेंदूत या उलथापालथीने जुन्या आठवणी पुसल्या जाण्याचा धोका होता, किती ते कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणूनच रुग्णालयाच्या नीतिसमितीचा नियम कडक होता. दहा वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकार हवा, आईवडिलांचा पुरेसा नाही.

जिला बोलताच येत नाही तिने होकार द्यायचा कसा, असं सुयशने समितीला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच मार्ग शोधू लागला. तसं त्याला वाक्‌सेतू नावाचं यंत्र सापडलं. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा ओठ हलोत न हलोत, मेंदूच्या एका कोपऱ्यात त्या शब्दाची लहर उठते. पट्टी ती लहर पकडते आणि यंत्र तिचा शब्द करतं. अडचण एवढीच, की प्रत्येकाची लहर वेगळी असते. कुठली लहर म्हणजे कुठला शब्द, हे यंत्राला कुणीतरी आधी शिकवावं लागतं. लवकरचा मार्ग म्हणजे रुग्णाला पुरतं ओळखणाऱ्या माणसाने शेजारी थांबून, आता ती अमुक म्हणत असेल, असं यंत्राला सांगत जायचं. सुयशने ते काम मन लावून केलं. पुण्याच्या प्रयोगशाळेत रोज फोन करून त्यानेच पट्टी मागवून घेतली होती.

आठवणींच्या धोक्याबद्दल मात्र तिच्यासमोर बोलायचं नाही, असं त्याने वॉर्डाच्या दाराबाहेर सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. पोरगी आधीच घाबरलेली आहे, म्हणाला, आणि समितीनेही ते चालवून घेतलं होतं.

त्या दुपारी समितीचे दोघे जण आणि डॉ. मुजावर खाटेभोवती उभे राहिले. डॉक्टरांनी मनूला उपचार साध्या शब्दांत सांगितला, आठवणींचा भाग वगळून, आणि तुला काय वाटतं असं विचारलं. दिवा लुकलुकला. स्पीकर म्हणाला, "आपल्याला हे करायचंच आहे. विषय संपला."

समितीतल्या बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. स्वप्नालीने डोळ्यांना पदर लावला. सुयश तेवढा स्पीकरकडे बघत राहिला. विषय संपला, हे शब्द त्याचे होते. शीतगृहात, घरात, विमा कंपनीच्या माणसाशी भांडताना, सगळीकडे तो हेच म्हणायचा. मनूने ते आयुष्यात कधी म्हटलेलं त्याला आठवेना. आणि ती स्वतःबद्दल 'आपल्याला' कधीच म्हणत नसे. ती हट्टी होती, तिचं सगळं 'मला' असायचं.

डॉ. मुजावर बाहेर पडल्या तसा तो त्यांच्या मागोमाग गेला. मशीन माझंच बोलतंय का, असं त्याने विचारलं.  त्यांनी सांगितलं की असं होऊ शकतं. लहर तिचीच असते, पण धूसर असेल तिथे यंत्र शिकवणाऱ्याच्या शब्दांनी जागा भरतं. दुसरा मार्ग होता. मुलीला एकेक ठरलेला शब्द मनात म्हणायला लावायचा आणि यंत्राला फक्त तिच्याकडूनच शिकू द्यायचं. त्यात वडिलांनी खोलीत थांबायचं नाही. पण त्याला कित्येक आठवडे लागले असते आणि आजार तोवर थांबणार नव्हता.

"समितीला हा होकार पुरेसा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही गप्प बसलात तर सोमवारी उपचार सुरू करता येईल. मी समितीला काय सांगू?"

जिन्याच्या कठड्याला धरून सुयश उभा राहिला. वर्षभर तो ज्या दारासाठी भांडला ते आता सताड उघडं होतं. त्याने स्वप्नालीला बोलावून सगळं सांगितलं. ती आधी रागावली. मुलगी वाचायची सोडून तुम्हाला आता शब्द कुणाचे ते पडलंय, म्हणाली. तिचं चुकत होतं असंही त्याला वाटेना. मग तीच म्हणाली, "पण मलाही तो आवाज तुमचाच वाटला होता."

सुयशने डॉक्टरांना दुसरा मार्ग धरायला सांगितलं. त्याने शिकवलेलं सगळं पुसून यंत्राची पाटी कोरी झाली. सुयश रोज सकाळी वॉर्डाच्या दारापर्यंत यायचा आणि मागे फिरायचा. रस्त्यापलीकडे तंतुवाद्यांची दुकानं होती. तिथले कारागीर भोपळे कोरत बसलेले असत, तो त्यांच्यासमोरून येरझाऱ्या घालायचा आणि दर थोड्या वेळाने फोन बघायचा. आत मनूच्या डाव्या हाताची बोटंही हलेनाशी झाली. ते कळलं त्या दिवशी तो तडक वर आला आणि हे सगळं थांबवा म्हणाला. डॉ. मुजावर यांनी त्याला दारातच अडवलं. रोज थोडे थोडे शब्द जमताहेत, म्हणाल्या.

शेवटी त्याला आत बोलावलं, तेव्हा समितीचे दोघे आधीच आले होते. डॉक्टरांनी सकाळी मनूला सगळं सांगितलं होतं, आठवणींबद्दलही. ते ऐकून सुयशचा चेहरा उतरला. वर्षभरात पहिल्यांदाच तो खाटेजवळच्या स्टुलावर बसला.

आता स्पीकर सलग बोलत नव्हता. एकेक शब्द थांबून थांबून येत होता, मध्येच एखादा चुकत होता आणि पुन्हा येत होता.

"पप्पा. मी सगळं ऐकत होते. तुम्ही बाहेर... डॉक्टरांना सांगायचा, ते पण."

दिवा विझल्यासारखा झाला, पुन्हा पेटला. समितीच्या बाईंनी उपचाराबद्दल विचारलं.

"मला भीती वाटते. मला जगायचंय. करा."

बाईंनी मान डोलावली. स्वप्नालीने मुलीचा हात दोन्ही हातांत घेतला. सुयशला वाटलं, झालं, आता उठावं, पुढच्या तयारीला लागावं. तो उठणार एवढ्यात स्पीकर पुन्हा खरखरला.

"पण मी सगळं विसरले तर तुम्हीच सांगणार ना, मी कशी होते?"

"मीच सांगणार, बाळा," सुयश म्हणाला.

बराच वेळ दिवा नुसता लुकलुकत राहिला. मग शब्द आले, अगदी सावकाश.

"मी होते तशी सांगाल, की तुम्हाला पाहिजे होती तशी?"