डायनॅमोचा दिवा

खोटं वाटेल. वाटू द्या. मला कुणाला पटवायची हौस नाही, पण यात मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

गेल्या वर्षीची चौदा मार्च. दुपारचे तीन. बोईसरजवळच्या नवापूरला, रखमामावशींच्या पडवीत.

मी सुजित. मूळचा परभणीचा. सरावलीत भाड्याची खोली, बोईसरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. मावशींचा मुलगा नीलेश माझा जोडीदार होता. तो कामावर शिडीवरून पडून गेला, त्याला त्या दिवशी वर्ष झालं.

जेवणं झाली. पाहुणे गेले. मावशी आणि मी, दोघंच.

कोपऱ्यात त्याची सायकल स्टँडवर उभी होती. मागच्या चाकाला डायनॅमो टेकवलेला. त्यावरच त्याने मला शिकवलं होतं. "आत चुंबक हाय, भोवती तारेचं वेटोळं. चुंबक नुसता बसून राह्यला तर काय देत नाय. फिरला तरच वीज."

मावशींनी दर वेळचाच प्रश्न विचारला.

"सुजित, माज्या पोरानं खरंच फ्यूज काडला नव्हता का रे? एवडा बेपर्वा नव्हता तो."

मी दर वेळचंच उत्तर दिलं.

"नाही काढला, मावशी."

टिक्...

चाक हललं.

वारा नव्हता. वाडीतलं केळीचं पानही हलत नव्हतं.

चाक फिरू लागलं. हळू... मग जोरात... डायनॅमो घरघरला.

दिवा पेटला.

आई शप्पथ, मी घाबरलो नाही. वर्षभर मला काही होतच नव्हतं. रडू नाही, भूक नाही. उजवा हात कोपरापर्यंत बधीर. डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही.

"कोन फिरवतंय रे?" मावशींनी हळूच विचारलं.

मग मी सांगून टाकलं.

आमच्या कामात पद्धत आहे. जो शिडीवर चढतो, फ्यूज त्याच्याच खिशात. कुणी चुकून परत बसवू नये म्हणून. नीलेशने फ्यूज काढून खिशात टाकला होता. वर ब्लोअरची मोटर होती, नव्या पद्धतीची, आतच चुंबक असलेली. तो शिडीवरून तिच्या तारा सोडवत होता. मी पलीकडे मचाणावर, त्याच ब्लोअरच्या पंख्याशी. बेअरिंग वाजतंय का बघायला पाती हाताने फिरवायची माझी जुनी सवय...

फिरवली. चांगली जोरात.

फ्यूज बाहेर होता, तरी वीज झाली. ती मी केली. झटका छोटा होता, पण शिडी पंधरा फुटी होती.

खाली उतरलो. त्याच्या खिशातून फ्यूज काढला. शर्ट अजून गरम होता. फ्यूज जागेवर बसवला... आणि मग ओरडलो.

एवढं सांगितलं.

चाक थांबलं.

मावशी म्हणाल्या, "वरीसभर माज्या हातचं जेवलास."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "ऊठ आता."

मी उठलो. पायरीवर चप्पल घालताना मागे पाहिलं.

चाक थांबलेलंच होतं. एकेक आरा मोजता येत होता.

पण दिवा...

दिवा पेटलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळं लिहून दिलं. नीलेशवरचा ठपका गेला, माझी नोकरीही गेली. तेही मला लागलं नाही.

मावशींच्या शेजारची किंजल सांगते, दिवा अजून मधूनमधून पेटतो. चाक स्थिर असतं.

काही फिरल्याशिवाय वीज होत नाही. हे मला नीलेशनेच शिकवलंय. मग तिथे फिरतंय काय?

परवा जेवताना माझी बायको प्रियदर्शिनी एकदम म्हणाली, "अहो, तो हात थांबवा ना."

"कुठला हात?"

"उजवा. कधीपासून गोल गोल फिरवताय."

मी खाली पाहिलं.

हात फिरत होता.

मला काहीच जाणवत नव्हतं.