छतातून येणारे ठोके

मंगळवारी संध्याकाळी सव्वासातला बिबवेवाडीतल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजली. सुरुचीने दार उघडलं. समोर दुसऱ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू, आमोद, उभा होता.

"आपण वर रोज नक्की काय कुटता?" त्याने विचारलं. "चटणी म्हणावी, तर वास येत नाही."

"पियानो वाजवते. इलेक्ट्रिक आहे. कोणाला त्रास नको म्हणून हेडफोन लावते."

"म्हणजे सूर तुम्हाला आणि ठोके मला. छान वाटणी केलीत."

तिने माफी मागितली, पियानोखाली जाड सतरंजी घालते म्हणाली. तो जिन्याकडे वळला, आणि थांबला.

"एक विचारू? रोज एकाच जागी इतक्या घाईने का पळता?"

"कुठे?"

आमोदला संगीतातलं काही कळत नव्हतं. एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे त्याचं काम. त्याने दारातल्या चपलांच्या कपाटावर दोन्ही हातांची बोटं टेकवली आणि छतातून ऐकलेलं जसंच्या तसं वाजवून दाखवलं. सुरुची एकटक बघत राहिली. ती रोज बसवत असलेल्या रचनेचं दुसरं पान होतं ते, सूर काढून घेतलेलं. आणि मध्यावर बोटं खरोखरच पळत होती...

चेन्नईच्या एका संगीत विद्यालयाची निवडचाचणी पुढच्या महिन्यात पुण्यात होती. गेल्या वर्षी ती निवडली गेली नव्हती. शेरा होता, 'लय स्थिर नाही'. वयाची अट पाहता यंदाची संधी शेवटची. तिचे शिक्षक दीनानाथ सरही म्हणत, "कुठेतरी घाई होते. शोध." डावा हात लांब उडी घेतो ती जागा कच्ची, असं तिने ठरवून टाकलं होतं. वर्षभर ती फक्त ती उडी घोटत होती. आमोदला तिने तेच सांगितलं.

"उडी? तिथे तुम्ही ठीक असता," आमोद म्हणाला. "त्याच्या आधी, सोप्या जागी पळता. अवघड पुढे येणार म्हणून."

त्या रात्रीपासून सुरुचीने तेवढाच सोपा भाग वेगळा काढला. मेट्रोनोमच्या ठरावीक टिकटिकीवर, निम्म्या गतीत. खालून मेसेज येत. 'परत पळालात.' 'आता बरं.' 'आता उगाच सावकाश. कोणी बघत नाहीये.'

आठवड्याने ते लिफ्टमध्ये भेटले. केस ओले होते तिचे, हातात भाजीची पिशवी.

"सतरंजी घातलीत ना?" त्याने विचारलं.

"घातली होती. काढली."

"का?"

"तुला ऐकू यायला हवं ना," ती म्हणाली, आणि मजला येईपर्यंत आकडे बघत राहिली. 'तुला' दोघांनीही ऐकलं होतं. दुरुस्त कोणीच केलं नाही.

मग तो वर येऊ लागला. चहा तोच करायचा, तिच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा न विचारता शोधून. वाजवताना तिची मान डावीकडे कलते, हे त्याने एकदा सांगितलं.

"यात काय चूक?"

"चूक कोण म्हणालं?"

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तिने तिन्ही पानं सलग वाजवली. आमोद खालीच थांबला होता. ऐकायचं तर छतातूनच, हा त्याचा नियम. संपल्यावर ती स्वतः खाली गेली.

"अजून काही?"

त्याने समोरचा लॅपटॉप मिटला.

"आमोद, मला खरं हवंय."

"शेवटचं पान. अखेरच्या दोन ओळी. संपवायची घाई... चार दिवस होतेय."

"चार दिवस? आणि तू आज सांगतोयस?"

"सांगणारच नव्हतो." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "तू निवडली गेलीस की जाणार. तेवढ्या दोन ओळी कच्च्या राहिल्या तर कदाचित... राहशील, असं वाटलं. घाणेरडा विचार होता."

सुरुचीने त्याला नीट पाहून घेतलं.

"होता," ती म्हणाली. "पण सांगितलंस. आता असं कर, आणखी तासभर ऐक. रागावायचं मी उद्यावर ठेवते."

दुसऱ्या दिवशी चाचणीत तिची लय कुठेही हलली नाही. बाहेर पडल्यावर तिने त्याला खरंच रागावून घेतलं, हॉलसमोरच्या रसवंतीत, पूर्ण ग्लास संपेपर्यंत. मग त्याचा हात हातात घेतला.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "तू आलास तरी, नाही आलास तरी. आलास तर मला आवडेल. खूप."

"हे घाईत नाही ना बोललीस?"

"तूच सांग. ऐकणारा तू."

गुरुवारी निवडीचा ईमेल आला. वर्ग जुलैत सुरू होतात. तिने होकार कळवला आहे. आमोदने त्याच दुपारी चेन्नईच्या ऑफिसात बदली मागितली. सोमवार संध्याकाळपर्यंत त्याच्या मॅनेजरचं उत्तर आलेलं नव्हतं.