उष्टा सूर

दाटीवाटीचं पुणं नगर, त्या नगरात कोथरूड नावाची वस्ती. तिथे हिंमतराव नावाचे गृहस्थ राहत होते. बायको गोदाबाई, मुलगा योगेश, सून श्रद्धा. हिंमतरावांनी हयातभर ऑर्केस्ट्रात माउथ ऑर्गन वाजवला. घरात त्याला माउथ ऑर्गन कुणी म्हणत नसे, बाजाच म्हणत. लग्नाची रिसेप्शनं, गणपतीचे मांडव, कारखान्यांची स्नेहसंमेलनं, बोलावणं येईल तिथे हे जायचे, आणि शेजारच्या खुर्चीवर दुसरा बाजा घेऊन पोपटराव. अशी जोडी बरं का, की हिंमतरावांनी सूर फुंकून सोडला की तोच सूर पोपटरावांनी ओढून पुढे न्यायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, एकच माणूस वाजवतोय आणि त्याला श्वास घ्यावाच लागत नाही.

मग पोपटराव गेले. मागे उरले हिंमतराव, तेही अर्धेच. मोठ्या आजारातून उठले, पण छाती काही पहिल्यासारखी झाली नाही. शर्टाची बटणं लावायची तर मध्ये बसून घ्यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, औषध तुमच्या खिशातच आहे, रोज वाजवा. बाजात जसं फुंकायचं तसं ओढायचंही असतं, छातीला यापरता व्यायाम नाही.

पण बाजेसुद्धा मालकाबरोबर म्हातारे झालेले. एकाचा गंधार उतरला होता, दुसऱ्याचा पंचम घरघरायचा, तिसऱ्याचं लाकूड थुंकीनं फुगून बाहेर आलं होतं, ओठ कापायचं. हिंमतराव चार सूर वाजवायचे, तोंड कडू करायचे आणि बाजा ठेवून द्यायचे. बेसूर वाजवायला ते तयार नव्हते, आणि वाजवलं नाही की छाती आणखी आत जायची. गोदाबाई हे रोज बघत होत्या. बघून बघून त्या थकल्या होत्या.

घरात मग तोच विषय. दुरुस्त करायचे की नवा घ्यायचा? योगेशनं वाट न बघता नवाच मागवला. चकचकीत, मखमली डबीतला. हिंमतरावांनी तोंडाला लावला आणि दोन ओळींतच ओठ निळे पडले. श्रद्धा दम्याचा पंप आणायला धावली. नव्या बाजाच्या आतली, सूर देणारी पितळी पाती ताठ असतात, ती वारा जास्त मागतात. यांच्याकडे तेवढा वारा होता कुठे? नवा बाजा कपाटात गेला.

तेव्हा गोदाबाई जुने बाजे कापडी पिशवीत घालून सदाशिव पेठेत दत्तप्रसादांकडे गेल्या. पेट्या दुरुस्त करणारे गृहस्थ. दुकानावर पाटी होती, ‘येथे वाद्ये दुरुस्त होतात, वाजवणारे नाही.’ दत्तप्रसादांनी एकेक बाजा उघडला, चष्मा वर केला, परत खाली केला.

“काकू, पितळ थकलंय.”

गोदाबाईंनी विचारलं, घासून सूर चढत नाही का.

“चढतो. साहेबांनी आधीच घासघासून कागद केलाय त्याचा. आता घासलं तर तुटेल. थकलेल्याला कुणी घासतं का?”

एक उपाय मात्र त्यांनी सांगितला. याच कंपनीचा, याच पट्टीचा दुसरा जुना बाजा मिळाला, तर त्याची पितळी पाती काढून यात बसवता येतील. वापरून मऊ झालेली पाती हलक्या फुंकरीनंही बोलतात. गोदाबाईंना ऐकताक्षणी कळलं, असा बाजा जगात कुठे आहे. दोन्ही मित्रांनी आपले बाजे एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले होते.

आता या बाजावाल्यांची एक रीत होती. दुसऱ्याचा बाजा तोंडाला लावायचा नाही. हिंमतराव आणि पोपटराव एका ताटात जेवले असतील, पण बाजा कधी एकमेकांचा घेतला नाही. आणि गेलेल्याचा बाजा तर कुणीच वाजवायचा नाही. घरच्यांनी तो बांधून ठेवायचा, आतलं पितळ काळं पडेपर्यंत उघडायचा नाही.

दत्तप्रसादांचा उपाय ऐकून हिंमतरावांनी चहा तसाच पुढ्यात ठेवला. चहावर साय आली. मग म्हणाले, “ओठ लागतात ते लाकडाला आणि वरच्या पत्र्याला. ते माझंच राहणार. आतल्या पात्याला कुणाचा ओठ लागतो? मग उष्टं कसलं?”

ताट बदलून भात तोच वाढावा, तसलं हे बोलणं. गोदाबाईंना ते कळत होतं. पण समोर माणूस एक वाक्य बोलून दम खात होता.  दुसऱ्या दिवशी त्या बस पकडून फुरसुंगीला गेल्या.

पोपटरावांची बायको चंद्रभागा तिथे माहेरी राहत होती. तिनं ट्रंकेच्या तळातून दोऱ्यानं बांधलेली डबी काढली. ती गोदाबाईंच्या हातात ठेवली.

“वाजवता वाजवताच गेले वो ताई ते,” ती हलकेच म्हणाली. “सूर आत वढला… आन् सोडलाच न्हाई. तवापासनं उघडला न्हाई म्या. न्या. कुनाच्या तरी कामी येऊ द्या.”

दत्तप्रसादांनी डबी उघडली. इतकी वर्षं बंद असलेलं पितळ काळंभोर असायला हवं होतं. ते सोन्यासारखं लख्ख होतं, आणि आतून ओलं. लवंगेचा वास आला. पोपटरावांना खोकल्यासाठी दाढेत लवंग धरायची सवय होती.

“काल कुणी वाजवला का हा?”

गोदाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. दत्तप्रसादांनी फडक्यानं ओल पुसली आणि पाती बदलून दिली. दुकानातून निघताना गोदाबाईंनी मागे पाहिलं, तर ते पाती पुसलेलं ते फडकं बोटांनी परत परत चाचपत होते.

पहिले काही दिवस काय सांगावं, घर उजळलं. नुसता श्वास लागला की बाजा बोलायचा. हिंमतराव दुपारी खिडकीशी बसून वाजवायचे. बोटाला लावायच्या यंत्रात चांगले आकडे दिसायला लागले. श्रद्धा म्हणाली, आई, आता तुम्हीही जरा पाठ टेका. गोदाबाईंनाही वाटलं, टेकावी.

अशीच एक दुपार. कोथरूडातली दुपार म्हणजे सगळ्या सोसायटीची झोपेची वेळ, कुत्रंसुद्धा भुंकत नाही. योगेश आणि श्रद्धा कामावर गेलेले. गोदाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या, बाहेर बाजा चालू होता. निवडता निवडता त्यांचा हात थांबला. गाणं ओळखीचं होतं, वाजवणंही ओळखीचं होतं, पण त्यात फट नव्हती. श्वासाची फट. फुंकलेला सूर संपतो न संपतो तोच ओढलेला सूर त्यात मिसळत होता, आणि कुठेच थांबत नव्हता. आयुष्यभर मांडवाच्या मागच्या खुर्चीत बसून जोडीचा बाजा ऐकलेली बाई ती. एकाचं वाजवणं आणि दोघांचं वाजवणं तिला कळत नसेल?

मेथीची काडी हातात धरूनच त्या दारापाशी गेल्या. हिंमतरावांनी दम घ्यायला बाजा ओठांवरून खाली घेतला होता. बाजा मांडीवर होता. आणि सूर चालू होता.

सूर संपला तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

“मी सोडला की तो घ्यायचा…” हिंमतराव हळूच म्हणाले. “त्याची सवयच होती ती.”

ते घाबरलेले दिसत नव्हते, आणि त्याचीच गोदाबाईंना जास्त भीती वाटली.

मग त्यांनी लक्ष ठेवायला सुरुवात केली. हिंमतराव दुपारी झोपले की बाजा उशाशी तिपाईवर असायचा. त्यांची छाती वर व्हायची, खाली जायची. मग बाजातून अगदी बारीक सूर निघायचा, ओढल्याचा. खिडकीचा पडदा तिपाईकडे झुकायचा. आणि तेवढा वेळ हिंमतरावांची छाती हलायची नाही. बाजा थांबला की मग ती पुन्हा वर यायची. एक श्वास यांचा, एक त्याचा. एक यांचा, एक त्याचा. आधी बाजाचे श्वास आखूड होते. पुढे ते लांबू लागले. खोलीत ओल्या पितळेचा आणि लवंगेचा वास साचून राहायला लागला.

गोदाबाईंनी बाजा उचलून धान्याच्या डब्यात, तांदळात खोल पुरला. त्याच दिवशी हिंमतरावांना असा दम लागला की ओठ काळेनिळे झाले, डोळे वर गेले, पंपही चालेना. श्रद्धा रडायला लागली. गोदाबाईंनी तांदळात हात घातला, बाजा काढून त्यांच्या हातात दिला, तेव्हा कुठे छाती हलली. म्हणजे बाजा ठेवावा तर तो यांना हळूहळू नेणार, फेकावा तर हे एका झटक्यात जाणार.

योगेश म्हणाला, आई, त्याच्या जागी नवा ठेवू. गोदाबाई म्हणाल्या, बाळा, ती वेळ गेली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सोसायटीची वीज गेली. हिंमतराव आतल्या खोलीत पडले होते. गोदाबाईंनी देवापुढे दिवा लावला, बाजा दिव्यासमोर पाटावर ठेवला आणि समोर बसल्या. रडायची ताकद त्यांच्यात नव्हती, भांडायचीही नव्हती. दारात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशा त्या बोलल्या.

“भावोजी…”

दिव्याची ज्योत सरळ होती.

“तुमचा शेवटचा श्वास सोडायचा राहिला. तो अडकलाय, मला कळतंय. पण यांचा ओढून तुमचा कसा सुटेल?… तुम्ही दोघं वाजवायचात तसं करा. पाळीपाळीनं. एकानं सोडायचा, दुसऱ्यानं घ्यायचा. या घरात राहा, मी नाही म्हणणार नाही. पण यांना न्यायचं नाही… एवढंच.”

बराच वेळ काहीच झालं नाही. खालच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग ज्योत वाकली. दुपारच्या पडद्यासारखी ती बाजाकडे झुकली नाही, बाजापासून दूर गेली. आणि बाजातून सूर आला, फुंकलेला, सोडलेला. इतकी वर्षं आत कोंडलेला श्वास सुटावा तसा तो येतच राहिला, येतच राहिला. भिंतीवरच्या फोटोंच्या काचा बारीक थरथरल्या. लवंगेच्या वासानं गोदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सूर विरत विरत गेला, आणि आतल्या खोलीत हिंमतराव एकदाच खोकले. मग त्यांनी असा खोल श्वास घेतला, की गोदाबाईंनी तसला श्वास तरुणपणी ऐकला होता, त्यानंतर कधीच नाही.

त्या दिवसापासून बाजा आपण होऊन वाजला नाही. आणि हिंमतराव सुधारले, असे सुधारले की छातीच्या डॉक्टरांनी जुना फोटो आणि नवा फोटो उजेडाला शेजारी शेजारी धरून नावं तपासली. पंप कपाटात गेला. गणपतीत त्यांनी मांडवात सलग वाजवलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या. घराचे ग्रहच पालटले म्हणा ना. योगेशला बढती मिळाली. आणि वाघोलीचा तो फ्लॅट, बिल्डरनं बांधकाम अर्धवट टाकल्यापासून ज्याचं नावसुद्धा घरात कुणी काढत नव्हतं, त्याचा ताबा घ्यायला या म्हणून एका सकाळी फोन आला.

सगळे मिळून गेले. इमारत नवीकोरी, सिमेंटचा वास, आणि लिफ्ट अजून चालू व्हायची होती. फ्लॅट अगदी वरच्या मजल्यावर. योगेश म्हणाला, बाबा, तुम्ही खालीच बसा, आम्ही दूध उतू घालून येतो. हिंमतराव हसले आणि पुढे झाले. कठड्याला हात न लावता, बोलत बोलत, मधे कुठेही न थांबता ते वर पोचले. योगेशला धाप लागली, श्रद्धा मधल्या वळणावर बसली. हिंमतराव मात्र दारात उभे राहून गप्पा मारत होते, जणू अंगणात फिरून आलेत.

श्रद्धानं नव्या गॅसवर दूध ठेवलं. सगळे आत ओट्याभोवती जमले. गोदाबाई सगळ्यांच्या मागून आल्या होत्या. दार लोटून घ्यायला वळल्या आणि तशाच थांबल्या.

जिन्यात कुणीतरी चढत होतं. पायांचा आवाज नव्हता, नुसती धाप. दोन पायऱ्या चढायच्या, थांबायचं. मग श्वास ओढायचा, तो पुरेसा यायचा नाही, मग पुन्हा चढायचं.

“आई, दार लावा ना,” श्रद्धा आतून म्हणाली. “धूळ येतेय सगळी.”

“थांब गं… येतायत अजून.”

“कोण? सगळे तर आलो.”

गोदाबाई जिन्याकडे कान लावून उभ्या होत्या. त्यांना आधी वाटलं होतं, पोपटराव असतील. पण ती धाप पोपटरावांची नव्हती. इतक्या वर्षांत शेजारच्या उशीवर ऐकून ऐकून पाठ झालेली धाप होती ती. श्वास घेताना शेवटी जरा अडखळणारी, सोडताना किंचित शिट्टी वाजवणारी. त्यांनी आत पाहिलं. हिंमतराव ओट्याशी उभे होते, हसत होते, भरल्या छातीनं बोलत होते. त्यांनी खिशातून लवंग काढून दाढेत धरली.

पाळीपाळीनं, असं आपणच म्हणालो होतो, हे गोदाबाईंना आठवलं.

आत दूध वर आलं, उतू गेलं. सगळ्यांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या. असं त्या कुटुंबाला हक्काचं घर लाभलं. शेजारीपाजारी पेढे घ्यायला आले, बघून म्हणाले, नशीब काढलंत बाई. गोदाबाई त्यांच्याकडे पाहून हसल्या. दार मात्र त्यांनी उघडंच धरलं होतं, कारण खालच्या वळणावर तो दमलेला माणूस अजून बसून दम खात होता.