दुसरा रिमोट नसताना

वाचून झाल्यावर तुम्ही म्हणाल, हा काहीतरी रचून सांगतोय. म्हणा खुशाल. मला रचता आलं असतं तर शेवट तरी बरा रचला असता.

गेल्या पौषातली गोष्ट. मंगळवार होता, दुपार टळत आली होती. ठिकाण खालापूर, बाजारातलं माझं दुकान.

मी किरण. जुने टीव्ही गेम दुरुस्त करतो. हो, तेच, कॅसेट घालून खेळायचे. गावात लोक हसतात, पण पुण्या-मुंबईचे हौशी लोक कुरियरने पाठवतात आणि माझं पोट भरतं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तार तुटली की तुटली, त्यात करणी नसते, असं मी छाती ठोकून सांगायचो.

त्या दुपारी हवाबी चाची आल्या. मागच्याच गल्लीत राहतात. ओढणीखाली काहीतरी धरलं होतं, तान्ह्या पोराला धरावं तसं.

आदिलचा गेम होता.

आदिल म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. माझ्याच वर्गातला. त्याच्या वडिलांनी, हसनचाचांनी, कुवेतहून तो गेम आणला, तेव्हा अख्खी गल्ली त्यांच्या दारात उभी राहायची. पुढे आदिल कुंभिवलीला कंपनीत लागला. दीडेक वर्षापूर्वी शिफ्ट सुटल्यावर बाइकवरून येत होता. ट्रकने उडवला. घरी आणला तेव्हा चाचींना त्याचं तोंडसुद्धा नीट बघू दिलं नाही कुणी.

"किरण, थोडा वेळ चालतो नि चित्र गोठतं बघ," चाची म्हणाल्या. "तेवढंच कर. बाकी कशाला हात नको लावू हां रं."

"एकच रिमोट आणलात, चाची?"

"दुसरा कवाच मोडलाय. लागत नाय तो."

एकट्याच खेळत असतील, मला वाटलं. 

त्या गेल्या आणि थोड्या वेळाने हसनचाचा आले. आधी त्यांनी रस्त्याकडे बघून घेतलं, मग आत आले.

"ती दिवसभर टीव्हीपुढं बसतीय रं. बोलते त्याच्यासंगं. जेवत नाय, झोपत नाय. म्हणते, आदिल येतो खेळायला. त्यातला दुसरा माणूस आपोआप हलतो म्हणं. फॉल्टच हाय ना तो?"

"असेल."

"काढून टाक बाबा तो. तिला बोलू नको. पोरगा गेला, आता बायको पन चाललीय माझी."

मोठा माणूस हात जोडून उभा होता. मी हो म्हणालो. तुम्ही काय म्हणाला असता?

चित्र का गोठतं ते लगेच सापडलं. एक कपॅसिटर गळला होता, त्याचं पाणी बोर्डावर पसरलं होतं. कपॅसिटर बदलला. कॅसेट घातली आणि दोघांचा खेळ लावून बघितला.

या खेळात दोन माणसं गुंडांना बडवत उजवीकडे चालत जातात. पण एक अट असते. दोघांनी बरोबर चालायचं. एक मागे राहिला की पडदा पुढे सरकत नाही. आमच्या लहानपणी चाची नेहमी मागे राहायच्या, भलतंच बटण दाबायच्या. आदिल कडेला जाऊन थांबायचा. मग दोन पावलं मागे यायचा, आईकडे तोंड करायचा, पुन्हा कडेला जायचा. "अम्मी, चल ना गं." आम्ही दारातून हसायचो.

पहिला रिमोट मी टेबलावर ठेवला. दुसऱ्या रिमोटची वायर लावायची जागा रिकामी होती. तिच्यात धूळ होती.

आणि मग...

टिक.

बटण दाबल्याचा आवाज.

माझ्या शेजारच्या स्टुलावरून आला. स्टूल रिकामं होतं.

टिक... टिक...

दुसरा माणूस चालायला लागला. पडद्याच्या कडेपर्यंत गेला. थांबला. दोन पावलं मागे आला. माझ्या उभ्या माणसाकडे तोंड केलं. पुन्हा कडेला गेला.

मी खुर्ची मागे सरकवली. पण धंदा मोठा वाईट असतो. भीतीच्या आधी हात मीटरकडे गेला. गळलेलं पाणी दुसऱ्या रिमोटच्या वाटेपर्यंत पोचलं होतं. असं झालं की बोर्डाला वाटतं, कुणीतरी बटण दाबतंय. होतं असं. मी ती जागा स्पिरिटने धुतली, तिथला बारीक पार्ट बदलला.

दुसरा माणूस जागच्या जागी उभा राहिला.

फॉल्ट सापडला की मला आनंद होतो. तेव्हाही झाला.

दिवेलागणीला चाची आल्या. "लावून दाखव," म्हणाल्या आणि रिमोट घेऊन बसल्या. शेजारचं स्टूल त्यांनी हाताने पुसलं.

त्यांचा माणूस चालत कडेला गेला. दुसरा मागेच. पडदा सरकला नाही.

त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"आदिल, चल ना रं."

काहीच नाही...

मग त्यांनी आपला माणूस वळवला. मागे आणला, त्या दुसऱ्याच्या अगदी शेजारी. दोघं तसेच उभे. त्यांनी रिमोट खाली ठेवला.

"काय काढलंस रं तू ह्याच्यातनं?"

मी काढलेले दोन्ही पार्ट दाखवले. चिमूटभर वस्तू. त्यांच्यासमोर ते परत जोडले. गेम लावला. कुणी हललं नाही. पुन्हा लावला. पुन्हा लावला.

चाची रडल्या नाहीत. गेम पोटाशी धरला आणि गेल्या. हसनचाचा बाहेर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही नाही.

हळूहळू गल्लीत लोक म्हणायला लागले, हवाबी सावरली. जेवते, चार बायकांत बसते. मलाही जरा बरं वाटलं.

मग शिमग्याच्या आसपास पुण्याहून एक गेम आला. वेगळा मालक, वेगळी कॅसेट, आदिलच्या गेमशी काही संबंध नाही. मी एकच रिमोट लावला. दोघांचा खेळ लावला...

टिक.

दुसरा माणूस कडेला गेला. थांबला. वळून मागे बघायला लागला.

मी गेम बदलला. टीव्ही बदलला. मीटर लावून बसलो. बोर्ड कोरडा ठणठणीत, कुठे काही गळलेलं नाही. मीटरचा काटा हलत नव्हता आणि माणूस हलत होता.

शेवटी मी पहिला रिमोट उचलला. माझा माणूस त्याच्या शेजारी नेला. "आदिल," मी म्हणालो, "मी किरण. चल, जाऊ पुढं."

तो बाजूला सरकला. मला वाट दिली आणि माझ्या मागे बघत राहिला.

तो माझी वाट बघत नव्हता.

मी तसाच धावत हसनचाचांकडे गेलो. ऐकून ते ओट्यावर खालीच बसले. मग माझे दोन्ही हात धरले.

"तिला सांगू नको. आत्ता कुठं घास उतरतोय तिच्या घशाखाली. परत बसंल ती तिथं, नि या खेपेला उठायची नाय." हमसून हमसून रडले. "माझा पन पोरगाच हाय रं तो. मला काय वाटत नसंल? पन नको सांगू."

मी शब्द दिला.

आता बाजारात आल्या की चाची माझ्या दुकानाशी थांबतात. आत येत नाहीत. पायरीखाली उभ्या राहून हळूच विचारतात,

"किरण, कुनाच्या गेममधी दुसरा हलतो का रं?"

मागे टीव्हीवर फडका टाकलेला असतो. रस्त्यावर टेंपोंची वर्दळ असते, त्यांना ऐकू जात नाही. मला येतं. त्यांचा आवाज आला की रिकाम्या स्टुलावरून बटण वाजायला लागतं... टिक टिक टिक टिक... थांबतच नाही.

"नाय, चाची," मी म्हणतो.

त्या मान हलवतात आणि पिशवी उचलून चालायला लागतात.