मागच्या बाकावरचा माणूस

इंग्रजीचे सर आले तेव्हा भावोजी एका जुन्या घड्याळाचं पोट उघडून बसले होते. घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलाकडे सोपवल्यापासून त्यांचा मुक्काम वहिनींच्या बैठकीत असे. वहिनी विमा कंपनीतून निवृत्त झाल्या होत्या आणि आता लोकांच्या भानगडी निस्तरत. भावोजी त्यांना मदत करत, असं निदान भावोजींचं म्हणणं होतं.

"पेपर फुटला," सर खुर्चीत टेकता टेकता म्हणाले. "आणि फोडणारी माझीच विद्यार्थिनी असावी."

हकिगत सरळ होती. मोठ्या इस्पितळानं परिचारिकेच्या शिक्षणाची एक जागा ठेवली होती, सगळा खर्च त्यांचा. इंग्रजीच्या परीक्षेत पहिली येईल तिला ती मिळणार. परीक्षा सरांच्या देखरेखीखाली झाली. सीलबंद पाकीट आदल्या दिवशी शेवटच्या तासाच्या तोंडावर आलं. सरांनी ते कचेरीतल्या कपाटात ठेवलं आणि तास संपताच स्वतःबरोबर घरी नेलं. परीक्षा उरकल्यावर पाकीट नीट पाहतात तर सील काढून पुन्हा चिकटवलेलं!

"म्हणजे त्या तासाभरातच कोणीतरी हात मारला," वहिनी म्हणाल्या. "पहिली कोण आली?"

"इस्पितळातली एक मदतनीस. सगळी उत्तरं बरोबर. त्या दिवशी ती उशिरा आली होती आणि कचेरीबाहेर एकटी उभी होती. संध्याकाळपर्यंत इस्पितळाला कळवायचंय. तिचं नाव रद्द केलं तर ती जन्मभर चादरीच बदलत राहील."

"दुसरी कोण?"

सरांनी चष्मा पुसला. "माझ्या मेहुण्याची मुलगी. ती घरीच शिकली, परीक्षेला बाहेरून बसली. मेहुणा पंधरवड्यापूर्वीच माझ्या कचेरीत लागलाय."

क्लास एका दंतवैद्याच्या वर होता. मेहुणा छापखान्यात गेला होता, म्हणून वहिनींनी आधी वर्गच पाहायचा ठरवला. खोली लांबोळी होती. बाकाबाकावर दोन-दोन विद्यार्थी बसले होते, त्यांत एक टपालवालाही होता. मागच्या बाकापुढे जाडजूड खांब होता, त्यामुळे तिथं कोण बसलंय ते सरांच्या टेबलावरून दिसत नसे, पण जरा कडेला झुकलं की तिथून सगळा वर्ग दिसे. मागच्या दारानं कोणीही येऊन बसावं.

"परीक्षेत काय होतं?" वहिनींनी विचारलं.

"एका वाक्यात दोन कर्ते असले की क्रियापद कोणतं, एवढंच. त्यातच सगळे आपटतात. भावोजी, जरा बसा बघू त्या टपालवाल्याशेजारी."

भावोजी बसले. बाकावरचे दोघे म्हणजे दोन कर्ते आणि सरांचं टेबल म्हणजे क्रियापद. सर म्हणाले, "द बेकर अँड द बार्बर." प्रत्येक बाकावरचे दोघेही उठले. दोघे उठले की 'आर'. "द बेकर ऑर द बार्बर." आता टेबलाकडचा एकेकच उठला. म्हणजे 'इज', कारण 'ऑर' असलं की क्रियापदाजवळचा कर्ता जिंकतो. भावोजी मात्र दोन्ही वेळा उभे राहिले. "द बेकर, अलाँग विथ द बार्बर." पहिला उठला, दुसरा सोबतीपुरता, तो बसूनच. टपालवाला आणि भावोजी तेवढे दोघेही उठले.

"पुन्हा," सर म्हणाले.

"तोंडानं सांगितलं तर नाही का चालणार?" भावोजी पुटपुटले.

"तोंड पाठ करतं, भावोजी. पाय पाठ करत नाहीत. शिवाय खालचे डॉक्टर आवाजानं वैतागतात. म्हणून बाकांना रबर लावलंय." आणि खरंच, एवढी उठबस झाली तरी सरांखेरीज कोणाचा आवाज नव्हता.

शेजारच्या खोलीत लहान मुलांना शिकवणाऱ्या मॅडमना वहिनींनी गाठलं.

"मी माझ्या वानरसेनेत होते. हलले असते तर छप्पर उडालं असतं. येताना तेवढी ती मुलगी पॅसेजमध्ये दिसली."

"कचेरीतून काही आवाज?"

"माझ्याकडे नाही येत. वर्ग आणि कचेरीमध्ये मात्र नुसतं फळकूट आहे. कचेरीत बसलं की सरांची शिंकसुद्धा ऐकू येते."

मदतनीस मुलगी इस्पितळाचा गणवेश न बदलताच आली. डोळे सुजलेले, पण बोलणं नीट.

"ड्युटी लांबली. मध्येच दार उघडलेलं सरांना आवडत नाही, म्हणून दाराच्या काचेतून बघत उभी राहिले. ऐकू येत नव्हतं, पण कोण उठतं ते दिसतंच की. टपालवाले काका सारखे चुकत होते, मला हसू येत होतं."

"हे सरांना सांगितलंस?"

तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून.

मेहुणा परतला तो घाम पुसत आणि हसत.

"मी? मी तर वर्गात होतो. खांबामागे, मागच्या बाकावर. म्हटलं, दाजी शिकवतात तरी काय ते बघू." त्यानं दोनतीन वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. सरांनीही मान डोलावली. तीच वाक्यं होती.

"मुलांची तयारी कशी वाटली?" वहिनींनी सहज विचारलं.

"खरं सांगू? कीव आली. दाजी एकेक वाक्य टाकतायत आणि कोणाच्या तोंडून चकार शब्द नाही. सगळे ढिम्म! दाजींचं मन मोठं, तरी शाब्बास, शाब्बास चाललेलं."

"बसल्याजागी ढिम्म?"

"बसल्याजागी. दगडासारखे."

भावोजींच्या मनात हा माणूस केव्हाच सुटला होता. वाक्यं बरोबर, म्हणजे माणूस वर्गातच होता. ते वहिनींच्या कानाशी लागले, "पोरीचंच काम दिसतंय."

"भावोजी, मघाशी तुम्ही किती वेळा उठलात?"

"प्रत्येक वेळी. गुडघे बोलतायत अजून."

"मग मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला काय दिसलं असतं? सगळा वर्ग उठतोय आणि बसतोय. यांना दिसले दगड. यांनी सरांची वाक्यं ऐकली, शाब्बास ऐकलं, मधली शांतता ऐकली आणि पोरं ढ आहेत असं ठरवून टाकलं. यांनी तास ऐकला, पाहिला नाही. न पाहता ऐकता येईल अशी जागा एकच, फळकुटापलीकडची कचेरी. कपाट तिथंच आहे."

मेहुण्याचं हसू मावळलं.

"आणि पोरीनं ऐकलं काहीच नाही, पण टपालवाले चुकतात हे सांगितलं. ती काचेशीच उभी होती."

मग मेहुणा स्टुलावर बसला.

"दाजी, माझ्या पोरीला नका काही बोलू. सरावाची वाक्यं म्हणून दिली मी तिला. अर्धीच उतरवता आली. ती दुसरी आली तेव्हा माझ्या पाया पडली हो."

सरांनी तिथूनच इस्पितळाला फोन लावला आणि दुसऱ्या क्रमांकाचं नाव कमी करायला सांगितलं. पहिलं नाव कायम. बायकोला काय सांगायचं, हा विचार भावोजींना त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

मुलगी पॅसेजमध्येच थांबली होती. सर तिच्यासमोर गेले. "जागा तुझी आहे," ते म्हणाले. "मी चुकलो. तुला सगळं बरोबर आलं, त्याचाच मला संशय आला."

ती रडेल असं भावोजींना वाटलं. ती रडली नाही.

"सर, शिकवलं तुम्हीच," ती म्हणाली. "मला एकदा विचारायचं तरी."

मुलीनं पिशवी उचलली आणि ती ड्युटीवर निघून गेली.