वगळण्याची खूण

तात्यांनी पंचेचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला, पण स्वतःवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कुलूप लावून निघाले तरी अर्ध्या जिन्यावरून परत येऊन ते ओढून बघणार. म्हणून बायकोच्या कंपवाताच्या गोळ्या त्यांच्या हाती आल्या तेव्हा त्यांनी आधी वही केली. दर रविवारी पुढच्या आठवड्याची पानं आखायची: वेळ, गोळी, आणि शेवटच्या रकान्यात 'देणारा – मी'. गोळी दिली की लाल टिंब.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "या गोळ्या थेट मेंदूवर काम करतात. वेळ चुकवू नका, दोनदा देऊ नका, आणि एकदम बंद तर मुळीच करू नका. त्यांना नसलेली माणसं दिसायला लागली तर लगेच कळवा."

मुलीनंही फोनवर बजावलं होतं. "तात्या, एक जरी गोळी चुकली ना, तर आईला मी इकडे आणीन. माझ्याकडे जिना तीन मजल्यांचा, तुमचे गुडघे हे असे. मग बसा एकटे वाचत." ती हसत बोलली होती. पण ती बोलते ते करते, हे तात्यांना ठाऊक होतं.

मंगळवारी चार वाजता बायको स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाली, "अहो, ते म्हणतायत, दुपारची गोळी झालीये."

"कोण ते?"

"ते काय, स्टुलावर बसलेत."

फ्रिजशेजारचं स्टूल रिकामं होतं. तात्यांच्या तळहातावर गोळी होती. त्यांनी आठवड्याच्या गोळ्यांची डबी बघितली. आजचा दुपारचा कप्पा रिकामा होता. हातातली गोळी बुधवारच्या कप्प्यातली होती. वहीत लाल टिंब होतं, त्यांच्याच हातचं. ते दिल्याचं मात्र त्यांना आठवेना.

त्यांनी गोळी बुधवारच्या कप्प्यात परत ठेवली आणि झाकण दोनदा दाबून बघितलं.

"कसे दिसतात गं ते?" संध्याकाळी त्यांनी हळूच विचारलं.

"चांगले आहेत हो. मान खाली घालून वाचत असतात, तुमच्यासारखेच." मग ती मिश्कील हसली. "जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात. आता तुमच्या काढायला कुणी आलं, तर एवढं काय लागलं मनाला?"

तात्याही हसले. डॉक्टरांना मात्र त्यांनी कळवलं नाही. कळवलं असतं तर मुलीच्या कानावर गेलं असतं.

गुरुवारी बायकोला सर्दी झाली. घरात जुनी गोळी होती. रात्रीच्या झोपेच्या गोळीखाली तात्यांनी तीही वहीत लिहिली आणि वाळलेले कपडे काढायला गेले. परत आले तर त्या ओळीवर आडवी रेघ होती, आणि रेघेच्या टोकाला वेलाच्या तणाव्यासारखा वळसा. छापखान्यातली वगळण्याची खूण. हिरव्या शाईत.

घरात हिरवं पेन नव्हतं. छापखान्यात तात्यांची शाई लाल. हिरवी फक्त शेवटचं वाचन करणाऱ्याकडे असे. त्याची खूण झाली की विषय संपला. तिच्यापुढे ना लेखकाचं चाले, ना मालकाचं.

त्यांनी बोटानं घासून बघितलं. शाई बोटाला लागली.

मग मात्र त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"दिली नाहीत ना? बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. "झोपेच्या गोळीबरोबर ती नकोच. उठताना तोल गेला असता, भ्रम झाला असता. आणखी काही?"

तात्यांनी फ्रिजशेजारच्या स्टुलाकडे बघितलं.

"तिला एक गृहस्थ दिसतात."

"त्यांनाच ना? तुम्हाला नाही?"

तात्यांनी बोटाकडे बघितलं. "तिलाच," ते म्हणाले.

डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी हळूहळू, आठवड्या-आठवड्यानं कमी केली. बायकोची पावलं थोडी जड झाली. तिसऱ्या रविवारी तिनं स्टुलाकडे बघितलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"गेले हो."

"काही म्हणाले?"

"म्हणाले, शेवटचं वाचन झालं."

तात्यांनी सकाळीच नवा आठवडा आखला होता. त्यांनी वही उघडली.

वेळा बरोबर होत्या. गोळ्या बरोबर होत्या. सोमवार स्वच्छ. मंगळवार स्वच्छ.

बुधवारी दुपारपासून शेवटचा रकाना हिरवा होता. प्रत्येक ओळीत 'मी' वगळलेला. आणि समासात, सुबक अक्षरात, त्याच्या जागी घालायचा शब्द: 'मुलगी'.

वगळलेला शब्द राखायचीही एक खूण असते. शब्दाखाली टिंबं द्यायची. म्हणजे 'तसेच ठेवा'. तात्यांनी लाल पेन उघडलं. एकेका 'मी'खाली ते टिंबं देत गेले. बुधवार. गुरुवार. शुक्रवार.

"अहो, काय करताय?"

"काही नाही गं."

रविवारच्या शेवटच्या ओळीपर्यंत ते पोचले आणि फोन वाजला.

"तात्या, मी बुधवारी सकाळी येतेय," मुलगी म्हणाली.

"का गं? मधेच?"

"काय माहीत. यावंसं वाटलं. तुम्ही बरे आहात ना?"

"मी?" तात्या म्हणाले. "मला काय धाड भरलीये?"

बोलता बोलता त्यांनी उघड्या पानावर हात ठेवला. तळव्याला गार ओलं लागलं. हिरवं.